काचेआडचे फुरू : घरगुती जतनाच्या इतिहासातील एक प्रकरण

रावेरच्या आठवडे बाजारात मासळी विकणाऱ्या बायांच्या टोपल्यांत गेली अनेक वर्षे एक मासा ठरलेला असतो. करड्या-काळपट रंगाचा, उभट अंगाचा, पाठीवर काटेरी पर असलेला हा मासा ‘चिलापी’ या नावाने विकला जातो. नाव इतके रुळले आहे की, हा आपल्या तापीचाच मासा असावा असे कोणालाही वाटावे. तो तापीचा नाही. त्याचे मूळ नाव तिलापिया आणि मूळ घर आफ्रिकेचा आग्नेय भाग. भारतात तो आला १९५२ साली, श्रीलंकेतून तेव्हाच्या मद्रास राज्यातील मंडपम येथे. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा यावा या हेतूने आणलेला हा पाहुणा पुढे तळी, धरणे आणि नद्या व्यापत गेला. उजनी धरणातील चिलापी तर आता सोलापूर-इंदापूरकडच्या खानावळींची ओळखच होऊन बसली आहे.

त्याच बाजारापासून थोड्या अंतरावर, मोबाइलच्या एका दुकानात, काचेच्या टाकीत एक लालसर मासा एकटाच फिरत असतो. त्याच्या कपाळावर मोठे टेंगूळ आहे. हा ‘फ्लॉवरहॉर्न’. तो घरात वा दुकानात असला की बरकत येते, अशी समजूत आहे. या माशाला मात्र मूळ घरच नाही. मध्य अमेरिकेतील काही प्रजातींचा संकर करून १९९० च्या दशकात मलेशियातील मत्स्यपैदासकारांनी तो घडवला. जगातील कोणत्याही नदीत वा सरोवरात तो निसर्गतः कधीच नव्हता.

टोपलीतला आणि टाकीतला, हे दोन्ही मासे एकाच कुळातले. प्राणिशास्त्रात या कुळाला ‘सिक्लिड’ म्हणतात. प्रस्तुत लेख या दोघांविषयी नाही. त्यांच्या तिसऱ्या भाऊबंदांविषयी आहे. हा तिसरा ज्या पाण्यात जन्मला त्या पाण्यातून नाहीसा झाला किंवा होऊ घातला आहे, आणि युरोप-अमेरिकेतील काही सामान्य माणसांच्या घरांत, दिवाणखान्यातल्या वा तळघरातल्या काचेच्या टाक्यांत तो जिवंत आहे. शिक्षक, कारकून, निवृत्त कामगार अशी ही माणसे. त्यांना आपण ‘हौशी’ म्हणतो. हा शब्द आपल्या विद्याक्षेत्रात फारशा आदराने उच्चारला जात नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच.

मासे हा आमचा विषय नव्हे. आम्ही मराठीचे अध्यापक. पण पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना, म्हणजे एका ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांतून विश्वसनीय पाठ कसा ठरवावा हे सांगताना, आम्हांला या माशांची हकीकत वारंवार आठवू लागली. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

*

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. आपले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी हे सरोवर त्यांच्या अडीच पटींहून मोठे भरेल. मात्र ते उथळ आहे. सर्वांत खोल जागी सुमारे ८० मीटर. भूवैज्ञानिकांच्या मते सुमारे १५,००० वर्षांपूर्वी हे सरोवर जवळजवळ पूर्ण कोरडे पडले होते. ते पुन्हा भरले आणि त्यानंतरच्या अल्पकाळात त्यात सिक्लिड कुळातील सुमारे ५०० प्रजाती उदयाला आल्या. उत्क्रांतीच्या मोजपट्टीवर १५,००० वर्षे म्हणजे डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ. एवढ्या अवधीत कोणी गोगलगाई फोडून खाणारा झाला, कोणी खडकावरचे शेवाळ खरवडणारा, कोणी दुसऱ्या माशांची अंडी-पिल्ले पळवणारा. सरोवराकाठचे लोक या सगळ्यांना एकाच नावाने ओळखत : ‘फुरू’. बारीक, काटेरी, फारशी किंमत नसलेली मासळी.

किंमत नसणे हाच त्यांचा अपराध ठरला. ब्रिटिश वसाहतीच्या अखेरच्या काळात, १९५० च्या दशकात आणि १९६० च्या आरंभी, या सरोवरात ‘नाईल पर्च’ हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. निरुपयोगी फुरू खाऊन त्यांचे रूपांतर तो मौल्यवान मांसात करील, असा हिशोब होता. जॉफ्री फ्रायर या जीवशास्त्रज्ञाने १९६० साली या बेताला लेखी विरोध केला होता. तो ऐकला गेला नाही. पुढची वीसेक वर्षे फारसे काही घडल्यासारखे दिसले नाही. नंतर, १९८० च्या सुमारास पर्चची संख्या एकाएकी वाढली.

नेमक्या याच काळात नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाचे एक पथक टांझानियातील म्वांझा येथे काम करीत होते. फ्रान्स विटे हे त्यातील एक प्रमुख नाव. १९७७ पासून हे लोक फुरूंच्या प्रजाती ओळखणे, त्यांना नावे देणे, त्यांच्या सवयी नोंदवणे या कामात गढले होते. त्यांच्या जाळ्यांत आरंभी येणाऱ्या मासळीत वजनाने सुमारे ८० टक्के फुरू असत. दशकभरात हे प्रमाण नाममात्र उरले. अभ्यासाचा विषय अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत संपत होता. कित्येक प्रजातींना शास्त्रीय नाव मिळण्याआधीच त्या दिसेनाशा झाल्या. वहीत केवळ टोपणनाव राहिले. या पथकातील टाइस गोल्डश्मिट यांनी १९९४ साली डच भाषेत या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. १९९६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर ‘डार्विन्स ड्रीमपाँड’ या नावाने प्रसिद्ध झाले. विज्ञानलेखन आणि ललितगद्य यांच्या सीमेवरचे हे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे. एकंदर सुमारे २०० प्रजाती नष्ट झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढे मांडला गेला.

दोष एकट्या पर्चचा नव्हता. काठावरची जंगले तुटली, शेतीतली खते आणि वस्त्यांचे सांडपाणी सरोवरात उतरले, शेवाळ माजले, पाणी गढूळ झाले. गढूळ पाण्याने काय केले, हे ओले झेहाउझेन यांनी १९९७ साली दाखवून दिले. फुरूंच्या अनेक प्रजातींत माद्या करड्या आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या असतात. रंगीत असतो तो नर. मादी रंगावरून आपल्या प्रजातीचा नर ओळखते. एका प्रजातीचा नर तांबडा. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या नावावरून तिला नाव मिळाले आहे. तिच्या जवळच्या नातलग प्रजातीचा नर निळसर. स्वच्छ पाण्यात या दोघांची गल्लत होत नाही. गढूळ पाण्यात तांबडे-निळे कळेनासे होते, निवड चुकते, आणि दोन प्रजाती मिसळून एक होऊ लागतात. कोणी कोणाला मारत नाही, कोणी उपाशी राहत नाही. ओळखच पुसली जाते आणि तेवढ्याने एक प्रजाती संपते.

*

हे घडत असताना काही फुरू सरोवराबाहेर होते. संशोधकांनी अभ्यासासाठी लायडनला नेलेले काही, मत्स्यव्यापारातून युरोप-अमेरिकेत गेलेले काही. उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालये आणि मत्स्यालये यांनी १९९३ साली व्हिक्टोरिया सरोवरातील प्रजाती बंदिवासात टिकवण्याची एक संयुक्त योजना आखली. पण संस्थेची जागा मोजकी, पैसा मोजका आणि प्रजाती शेकड्यांनी. प्रेक्षकाला वाघ पाहायचा असतो. बोटभर करड्या माशांच्या वीस टाक्या पाहायला तिकीट काढून कोण येणार? या कोंडीतून हौशी पालकांचे महत्त्व पुढे आले. ज्या घरांत आधीच टाक्या होत्या, त्या घरांनी एकेक दुर्मीळ प्रजाती वाटून घ्यावी, अशी कल्पना निघाली. या शतकाच्या पहिल्या दशकात क्लॉडिया डिकिन्सन यांच्या पुढाकाराने ‘केअर्स’ नावाचा उपक्रम अमेरिकेत उभा राहिला. त्यात धोक्यातील प्रजातींची यादी असते. पालकाने आपल्याकडील साठ्याची नोंद करायची, पिल्ले वाढवून दुसऱ्या पालकाला द्यायची, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मासा मूळ कोणत्या ठिकाणचा याची माहिती माशासोबत पुढे पाठवायची. अमुक बेटाजवळचा, अमुक खाडीतला. मूळ ठिकाण ठाऊक नसलेला मासा, दिसायला कितीही देखणा असला तरी, जतनाच्या दृष्टीने संशयित.

हे काम वरवर वाटते तितके सोपे नाही. एका टाकीत एकच प्रजाती ठेवावी लागते. फुरूची मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्ले पोहण्याजोगी होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, तोंडातच सांभाळते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. गाल फुगलेले, अंग खंगत चाललेले. नर तिला त्रास देऊ नये म्हणून तिला हलक्या हाताने वेगळे करावे लागते. पाणी बदलावे लागते, ते नियमाने. गावाला जायचे तर शेजाऱ्याला सगळे समजावून सांगावे लागते. आणि हे वर्षभराचे काम नसते. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे असते, माशांच्या आणि कधी माणसांच्याही.

येथे आमच्यापैकी एकाचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत, जेव्हा खानदेशात दिवसाचे कित्येक तास वीज नसे, त्याने हौसेने एक टाकी आणली आणि शहरातल्या दुकानातून ‘मिक्स आफ्रिकन’ या नावाने विकले जाणारे सहा मासे आणले : काही पिवळे, काही निळे. कोणता मासा कोणत्या सरोवरातला, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हते आणि विचारण्याचे आम्हांलाही सुचले नाही. काही दिवसांनी एका मासोळीने खाणे सोडले, तिचा गळा फुगला. आजारी समजून पाण्यात औषध टाकले. दोन दिवसांनी तिने तोंडातली अंडी टाकून दिली, तेव्हा आमच्या अज्ञानाचा उलगडा झाला. पुढच्या खेपेला पिल्ले जगली. मोठी झाली तेव्हा ती ना पिवळी होती, ना निळी. मळकट, कशासारखीच नसलेली. त्या मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती रात्री उशिरा आली. हवेचा पंप बंद, पाणी कोमट. सकाळी टाकीत एकही मासा जिवंत नव्हता. घरातल्या मुलांना काय सांगावे हे आम्हांला सुचले नाही. पण खरे नुकसान त्या रात्री झालेच नव्हते. ते दुकानात, ‘मिक्स’ या एका शब्दात, आधीच झाले होते. त्या माशांना मरण्यापूर्वीच नाव-गाव उरले नव्हते.

*

आता आमच्या विषयाकडे वळतो. खानदेशातील वाचकाला हस्तलिखितांच्या जतनाची कथा परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, वाण्यांच्या दप्तरांतून कागद गोळा केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा सुरू केली, समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून पोथ्या जमवल्या आणि १९३५ मध्ये त्यांच्यासाठी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून त्यांनी १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला. राजवाडे कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. देव पेशाने वकील होते. आजच्या मोजमापाने दोघेही ‘हौशी’च ठरतील.

पण त्यांच्याही आधी, ज्यांची नावे कोठेच नाहीत अशी माणसे होती : ज्यांनी पोथी रुमालात बांधून ठेवली, पावसाळ्यानंतर उन्हे दाखवली, जीर्ण झाली तेव्हा नक्कल करून घेतली. त्यांतील अनेकांना आतला मजकूर पुरता कळतही नसेल. त्यांनी तो सोडला नाही, एवढे खरे. राजवाडे आणि देव यांच्यासारख्यांना जे सापडले ते अशा घरांनी आणि मठांनी सोडले नव्हते म्हणून सापडले.

घरात राखलेली पोथी आणि घरात राखलेला मासा यांतले साम्य येथे संपत नाही. खरे तर येथून सुरू होते. पोथी राखणे म्हणजे तिची नक्कल करीत राहणे, आणि प्रत्येक नकलेत चूक शिरण्याची शक्यता असते. मासा राखणे म्हणजे त्याची वीण पुढे नेणे, आणि प्रत्येक पिढीत काहीतरी बदलते. थोड्या माशांपासून वाढवलेला साठा आपसातल्या संबंधांनी दुबळा होतो. पालकाला भडक रंग आवडतो, म्हणून तो नकळत भडक नर निवडत जातो. लेखनिकाला एखादी ओवी गोड करावीशी वाटते तसेच हे. टाकीत शिकारी नाही, दुष्काळ नाही. तेव्हा सावधपणा नावाचा गुण अनावश्यक होऊन गळतो. आणि दोन प्रजाती एका टाकीत ठेवल्या की प्रक्षेप ठरलेला. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि आपली ओवी तिच्यात घालू पाहणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. त्यांच्या हाती तुलनेसाठी इतर प्रती होत्या. माशाच्या बाबतीत मूळ प्रत म्हणजे सरोवर. तेच बदलले तर शुद्धाशुद्धाचा निवाडा कशावरून करणार?

म्हणूनच ‘केअर्स’चे पालक मूळ ठिकाणाच्या नोंदीचा एवढा आग्रह धरतात. आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते : ही पोथी कोणी, कोठे, कोणत्या शकात, कोणासाठी लिहिली. पुष्पिका फाटलेली पोथी वाचता येते, पण तिचे स्थान ठरवता येत नाही. टाकीवर चिकटवलेली चिठ्ठी ही माशाची पुष्पिका आहे. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणजे शेवटचे पान फाडून विकलेली पोथी.

महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना आणखी एक साम्य जाणवेल. म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्र दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत गहाळ झाले आणि पुढे निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे करण्यात आले, असे परंपरा सांगते. त्यांत हिराइसेच्या स्मरणाला मोठे स्थान आहे. म्हणून त्याचे एकाहून अधिक पाठ आढळतात. पंथाने ते सकळ लिपीत बंद करून जिवापाड जपले. त्या लिपीने मजकूर वाचवला. आणि त्याच लिपीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उर्वरित महाराष्ट्राला तो वाचता आला नाही. जपणुकीत नेहमी असा एक पेच असतो. कडी लावली तर आतले सुरक्षित राहते, पण ते कोणासाठी, हा प्रश्न कडीबाहेर उभाच राहतो.

*

हौशी पालकांवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार केल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. पहिला आक्षेप गंभीर आहे : ज्या हौसेने मासे वाचतात त्याच हौसेने ते संपतातही. मलावी सरोवरात चिझुमुलू बेटाजवळ ‘तैवान रीफ’ नावाचा पाण्याखालचा एक खडक आहे. सौलोसी नावाचा एक सुंदर मासा जगात केवळ तेथेच आढळतो. त्याचे नर निळे-काळे, माद्या पिवळ्या. टाकीत ठेवण्यासाठी त्याला इतकी मागणी आली की, पकडून पकडून त्या खडकावरची संख्या घटली आणि २०१८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. जगभरच्या घरांत मात्र तो हजारोंनी आहे. आपल्याकडेही हे नवे नाही. हस्तलिखितांच्या आणि मूर्तींच्या चोरबाजाराला गिऱ्हाईक मिळते ते संग्राहकांच्याच प्रेमातून. प्रेम आणि हाव यांतला फरक नोंदवहीत दिसतो : वस्तू कोठून आली, हे सांगायला माणूस तयार आहे की नाही.

दुसरा आक्षेप असा की, टाकीत जगलेला मासा हा तो मासाच नव्हे. ते केवळ जिवंत चित्र. यात तथ्य आहे. पण सरोवरात उरलेलेही तेच राहिले नाहीत. १९९० च्या दशकात मासेमारीमुळे पर्च कमी झाले, तेव्हा काही फुरू पुन्हा दिसू लागले. विटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले तेव्हा आढळले की, काहींच्या शरीराची ठेवण आणि आहार बदलला आहे. थोड्याच वर्षांत मासा नव्या गढूळ पाण्याला जुळवून घेऊ लागला होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने तर आणखी पेच टाकला : व्हिक्टोरियाच्या परिसरातील ही सारी विविधता मुळात दोन वेगळ्या वंशांच्या प्राचीन संकरातून उमलली. म्हणजे ज्याला आपण टाकीतला भ्रष्टाचार म्हणतो, त्यातूनच कधीकाळी हा ग्रंथ लिहिला गेला होता. मात्र त्या संकरामागे हजारो वर्षे होती आणि एक अख्खे सरोवर होते. काचेच्या पेटीत दोन्ही नाही. शुद्धता ही अंतिम गोष्ट नाही, हे मान्य करूनही, आपण नेमके काय मिसळले याची नोंद न ठेवण्याला त्यातून समर्थन मिळत नाही.

टोपलीतल्या आपल्या चिलापीचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. जगभर उपद्रवी ठरलेला हा मोझांबिक तिलापिया त्याच्या स्वतःच्या नद्यांत आज धोक्यात आहे. त्याच्या घरी नाईल तिलापिया सोडला गेला, दोघांचा संकर होऊ लागला आणि मूळ वंश विरळ होत चालला. २०१९ च्या मूल्यमापनात तो असुरक्षित प्रजातींत नोंदला गेला. परक्या पाण्यात मुबलक असणे आणि आपल्या घरी टिकून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

*

मग या जतनाचे फलित काय? दोन हकीकती सांगून उत्तराच्या जवळ जाता येईल.

मादागास्करच्या उत्तर भागात मंगारहारा नावाची नदी आहे. तिच्यातील एका सिक्लिडचे शास्त्रीय वर्णन २००६ साली झाले. धरणे-कालव्यांनी नदीचे पात्र कोरडे पडत गेले. २०१३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात या प्रजातीचे दोन नर उरले होते आणि बर्लिनमध्ये एक नर. मादी एकही नाही. प्राणिसंग्रहालयाने जगभरच्या हौशी पालकांना जाहीर आवाहन केले : कोणाच्या टाकीत एखादी मादी असेल तर कळवा. एकमेव प्रत हाती असलेल्या संपादकाने दुसऱ्या प्रतीसाठी वर्तमानपत्रात निवेदन द्यावे, तसे ते होते. टाकीतून उत्तर आले नाही. पण ते आवाहन वाचून मादागास्करमधील एका व्यावसायिकाने कळवले की, असा मासा आपण पाहिला आहे. त्या वर्षाच्या अखेरीस शोधपथक गेले आणि मूळ नदीपासून तुटलेल्या एका ओढ्यात १८ मासे सापडले. त्या ओढ्याची माहिती कोणत्याही संस्थेच्या दप्तरात नव्हती. ती त्या परिसरात वावरणाऱ्या एका माणसाला होती.

दुसरी हकीकत मेक्सिकोची आहे. मासा सिक्लिड नव्हे, आफ्रिकेचाही नव्हे. पण घरगुती जतन शेवटपर्यंत नेले तर काय होते हे तेथे दिसते. हलिस्को राज्यातील तेउचित्लान नदीत ‘टकीला’ नावाचा इवलासा मासा होता. प्रदूषण आणि बाहेरून आलेले मासे यांनी तो संपवला. १९९८ साली आयव्हन डिबल हे इंग्लंडमधील मत्स्यपालक इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातील पाच जोड्या घेऊन मोरेलिया येथील विद्यापीठात पोहोचले. त्या दहा माशांपासून वंश वाढवण्यात आला. नंतर त्यांना तळ्यांत सोडून शिकारी, परजीवी आणि अपुऱ्या अन्नाची सवय पुन्हा लावण्यात आली. पुढे सुमारे १,५०० मासे मूळ नदीत सोडले गेले आणि तेथे ते वाढत असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. या साऱ्यात सर्वांत अधिक श्रम माशांवर नव्हे, नदीवर पडले. पाण्याची तपासणी झाली आणि काठच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन नदी पुन्हा राहण्याजोगी करावी लागली. व्हिक्टोरियाच्या बाबतीत अजून तसे झालेले नाही. पर्च तेथे आहेच, त्याच्यावर लाखोंची पोटे आहेत, आणि फुरूंची परत पाठवणी वाट पाहत आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, घरातले जतन ही सुटका नव्हे; ती मुदतवाढ आहे. पोथी रुमालात होती म्हणून राजवाड्यांना मिळाली, हे खरे. पण ती तशीच रुमालात राहिली असती तर तिची भाषा आज कोणाच्या कानी नसती. पालकाने मासा राखावा, चिठ्ठीसह राखावा आणि ज्या पाण्याचा तो आहे त्या पाण्याचे काय झाले, हे विचारणे थांबवू नये. ही तिसरी अट पाळणे सर्वांत अवघड, कारण तिचे उत्तर टाकीत नसते.

रावेरला परत येऊ. भारतातही सिक्लिड कुळाचे स्वतःचे मासे आहेत; त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये सापडतात. त्यांपैकी एक नातलग, पॅरेट्रोप्लस मेनाराम्बो, निसर्गातून संपला असे मानले गेले होते. टाक्यांत तो टिकून होता, आणि पुढे मादागास्करच्या त्सेनी सरोवरातही आढळला. आपल्याकडचा मोठा सिक्लिड म्हणजे गोव्यात ‘कालुंदर’ आणि केरळात ‘करीमीन’ म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मासा. २०१० साली केरळाने त्याला राज्यमत्स्य ठरवले. १७९० साली जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘सुरातेन्सिस’ हा शब्द आहे. सुरतेचा. आमच्या तापीच्या मुखाशी जे शहर आहे, त्याचे नाव हा मासा सव्वादोनशेहून अधिक वर्षे वागवतो आहे. तापीकाठच्या किती शाळा-महाविद्यालयांत हे सांगितले जाते? आम्हीही कालपर्यंत सांगत नव्हतो.

यंदा आम्ही पाठचिकित्सेच्या तासाला एक वेगळा स्वाध्याय दिला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील वा गावातील वृद्धांना विचारून, पूर्वी तापीत, सुकीत, भोकरीत मिळणाऱ्या माशांची नावे लिहून आणायची. नावासोबत सांगणाऱ्याचे गाव, मासा कोणत्या डोहात मिळे आणि शेवटचा कधी पाहिला, हेही लिहायचे. पहिल्या आठवड्यात जी पाने आली त्यांत काही नावे आम्ही आयुष्यात प्रथमच वाचली. ती कोणत्या माशांची, हे ठरवायला जाणकार लागतील. पाने मात्र आम्ही तारीख घालून, क्रमांक देऊन ठेवली आहेत.